चष्म्याच्या घरातल्या पुड्या

जंतूबाई हे नाव तिला सासऱ्यांनी दिलं, लग्न होऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. अख्खं आयुष्य डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं हाताळण्यात गेलेलं, त्यामुळे नवी सून कारखान्यात मोजायचं काम करते हे ऐकून त्यांना बरंच वाटलं. काय मोजतेस, म्हणून विचारलं. जंतू, म्हणाली. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, "मोजताना पळत नाहीत का ते?" तेव्हापासून ती जंतूबाई. नवऱ्याने एकदा तीच हाक मारून बघितली, तर दोन दिवस त्याला सरळ उत्तर मिळालं नाही. सासऱ्यांना मात्र सगळं माफ होतं.

कारखाना पुड्यांचा होता. बोटभर लांबीची चंदेरी पुडी, आत चिमूटभर पांढरी भुकटी, आणि भुकटीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवंत जंतू, झोपवून ठेवलेले. आत दहा अब्ज आहेत असं पुडीवर छापलेलं असे, आणि ते खरंच तेवढे आहेत का हे बघणं जंतूबाईचं काम. दहा अब्ज काही कोणी एक-एक करून मोजत नाही. भुकटी पाण्यात घोळवायची, त्यातला थेंब पुन्हा पाण्यात, त्यातला पुन्हा, असं पातळ करत करत शेवटचा थेंब काचेच्या बशीत पसरायचा आणि दोन दिवस उबेत ठेवायचा. मग बशीत पांढरे ठिपके उगवतात. ते मोजायचे आणि उलट गुणत मागे यायचं. सहा वर्षं तिने हेच केलं. नेटके, गुळगुळीत ठिपके, झाकण उचललं की लोण्यासारखा मंद वास. तिला त्यांचा लळाच लागला. कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून ती त्यांना "आपली गरीब पोरं" म्हणायची.

सासूबाईंना मात्र हे प्रकरण मुळीच पटलेलं नव्हतं. त्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गात त्यांचा एक नियम होता: जिने चुकीची टीप घातली, तिनेच ती उसवायची, शेजारणीने मदत करायची नाही. जंतूंबद्दलचं मतही तसंच पक्कं. "जग जंतू मारायला औषध घेतं, आणि आमची सून ते लोकांना खायला घालते," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि सून ऐकते आहे याची खात्री करून सांगत.

मग त्यांची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या जंतुनाशक गोळ्या दिल्या. दाढ बसली, पण पोट असं बिघडलं की चौथ्या दिवशी सासूबाई भिंतीला धरून चालायला लागल्या. तेव्हा सुनेने पुडी पुढे केली. नाही म्हणायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. सून पलंगाशी बसून समजावत होती. गोळी वाईट जंतू मारते, पण तिला चांगलंवाईट कळत नाही, ती सगळ्यांनाच झोडपते. मग पोटात जागा रिकामी पडते. हे पुडीतले जंतू चार दिवस येऊन जागा धरून बसतात, घरचे परत येईपर्यंत. कायमचे मुक्कामाला राहत नाहीत.

"पाहुणे आहेत म्हणजे," सासूबाई म्हणाल्या. "मग ठीक आहे."

तीन दिवसांत पोट ताळ्यावर आलं. पुडीने आलं, की गोळ्या संपल्या म्हणून आपोआपच आलं असतं, हे खरं तर जंतूबाईलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण तिने तसं काही बोलून दाखवलं नाही. सासूबाई पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि ते कौतुक तिने मुकाट्याने पदरात पाडून घेतलं.

बरं वाटल्यावर सासूबाईंनी त्यांची मापांची वही काढली. छाती, कंबर, बाहीची लांबी असली तीस वर्षांची मापं त्या वहीत होती. एक कोरं पान काढून म्हणाल्या, "सांग आता. ह्याचे नियम काय?"

सुनेने सांगितले. पुडी कोमट पाण्यात घालायची. गरम पाण्यात घातली तर ते मरतात. जंतुनाशक गोळी आणि पुडी यांत दोन तासांचं अंतर. पुडी कोरड्या जागी ठेवायची, फोडली की लगेच संपवायची. सासूबाईंनी एकेक ओळ गिरवून गिरवून लिहिली.

"आणि चालते कोणाकोणाला?"

"कोणालाही चालते, आई. औषध थोडंच आहे ते? काही होत नाही त्याने."

सासूबाईंनी तेही लिहून घेतलं.

तेव्हापासून पुडी घरातलीच झाली. प्रवास, लग्नाचं जेवण, जंतुनाशक गोळ्या, काहीही असो, सासूबाई आधी पुडी काढत. ज्या तोंडाने त्यांनी सुनेची टिंगल केली त्याच तोंडाने त्या आता शेजारणींना कोमट पाण्याचं महत्त्व सांगू लागल्या. पुढे कारखाना दुसरीकडे हलला आणि जंतूबाई मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे जंतू होते ते वाईट, माणसांच्या रक्तातून, लघवीतून आलेले. घरी पुड्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून येत राहिल्या. सासू-सुनेचं जे काही गूळपीठ जमलं होतं, ते त्या पुडीवर उभं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी घड्याळजींना धाप लागायला लागली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि तपासण्यांत रक्ताचा आजार निघाला. उपचार जबर होते. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही दिवस जवळजवळ शून्यावर न्यायच्या, आणि नव्या चांगल्या पेशी उगवेपर्यंत वाट बघायची. ते दिवस धोक्याचे, कारण शरीराला राखणच नसते. म्हणून सुनेच्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर वेगळी खोली, दोन दरवाजे, मधे हात धुवायची मोरी, तोंडाला पट्टी. बाहेरचं खाणं बंद, फुलं बंद, पाहुणे बंद. घरचं एकच माणूस आत. ते माणूस अर्थातच सासूबाई. मुलगा वीज खात्यात फिरतीवर होता. तो रात्री फोन करायचा आणि सगळे ठीक आहेत असं सगळ्यांकडून ऐकायचा.

भरतीच्या दिवशीचा फॉर्म जंतूबाईने भरला. तिचं अक्षर सुरेख, आणि असल्या कागदांची सवय. जन्मतारीख, जुने आजार, कशाची अ‍ॅलर्जी. मग प्रश्न आला: इतर काही औषधे चालू आहेत का? तिने तिथे एक छोटी आडवी रेघ मारली. सासूबाई खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनीही मान हलवली.

नवव्या दिवशी ताप आला.

ताप आला की रक्त घेतात, दोन बाटल्यांत. एक गळ्याखाली बसवलेल्या नळीतून, एक हातातून. त्या बाटल्या तळमजल्यावर प्रयोगशाळेत येतात आणि एका उबदार यंत्रात बसतात. आत काही वाढायला लागलं की यंत्र दिवा लावतं. इथे एक नियम होता: आपल्या माणसाचं रक्त आपण बघायचं नाही, डोळा खोटं बोलतो. म्हणून घड्याळजींच्या बाटल्या शिक्केरावांकडे गेल्या.

शिक्केराव हे प्रयोगशाळेतले सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थ. तीस वर्षांत एवढं पाहिलं होतं, की बशी उघडण्याआधीच त्यांच्या हातात शिक्का तयार असे. माणूस वाईट नव्हता. दहातल्या नऊ वेळा शिक्का बरोबरच असायचा, आणि अडचण तीच होती. बुधवारी सकाळी नळीच्या बाटलीचा दिवा लागला. शिक्केरावांनी काचपट्टीवर थेंब पसरून पाहिलं. जांभळ्या रंगाच्या बारीक काड्या होत्या. असल्या काड्या बहुतेक वेळा कातडीवरून चुकून बाटलीत आलेल्या असतात. त्यांनी सवयीने बशी लावली, कोणतं औषध जंतूला मारतं ते कळावं म्हणून सवयीने तिच्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या आणि सवयीने कागदावर शिक्का मारला: बाहेरचा जंतू, पुन्हा रक्त पाठवा.

वर डॉक्टरांनी भारी इंजेक्शनं सुरू केली होतीच. व्हॅन्कोमायसिन त्यातलं मुख्य. नळीतून येणारे बहुतेक जंतू त्याला भितात. पण गुरुवार उजाडला तरी ताप हटेना. जंतूबाई इस्पितळातलीच म्हणून तिला सोडत; सकाळी ती पट्टी बांधून वर डोकावून आली. घड्याळजींचे ओठ सोलवटले होते, बोलणं मंद झालं होतं. शेजारच्या इंजेक्शनच्या पंपाकडे बघत ते म्हणाले, "हा पंप मिनिटाला एक ठोका मागे पडतोय, जंतूबाई. कोणीतरी बघायला हवा." तिला रडू आलं, पण पट्टीच्या आड ते खपून गेलं.

दुपारी टाकाऊ बशा आवरायची तिची पाळी होती. वाफेच्या भांड्यात टाकण्याआधी बशांचे आकडे वहीत उतरवायचे असतात. एक बशी उचलली आणि तिचा हात थांबला. परक्या गावात अचानक आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसं झालं. नेटके पांढरे ठिपके. बशीचा वास घ्यायचा नाही, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. तिने घेतलाही नाही. पण झाकण जरा सरकलं होतं आणि लोण्याचा तो मंद वास आपणहून वर आला. सहा वर्षं जो वास अंगाला लागून घरी यायचा, तो.

मग तिला चकती दिसली. व्हॅन्कोमायसिनच्या चकतीभोवती मोकळं कडं पडायला हवं होतं. इथे ठिपके चकतीला अगदी खेटून बसले होते. तिच्या गरीब पोरांवर ते औषध चालतच नाही, हे तिला कारखान्यापासून तोंडपाठ होतं. तिथे ही त्यांची ओळखीची खूण होती. पेनिसिलिनच्या घरातल्या जुन्या औषधाची चकती मात्र स्वच्छ कड्यात होती.

"दादा, हा शिक्का चुकलाय," ती म्हणाली.

शिक्केरावांनी वर न बघता विचारलं, "कोणाची बशी आहे ती?"

"आमच्या बाबांची."

"मग तू बघायची नाहीस."

"बघत नाहीये. ओळखतेय."

शिक्केरावांनी चष्मा लावला. हाताच्या बाटलीचा दिवाही त्या सकाळी लागला होता. तिचा थेंब अजून पाहायचा होता. त्यांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि खुर्ची मागे सरकवली. दोन वेगळ्या जागांच्या रक्तात एकच जंतू चुकून येत नाही. "हा कातडीवरचा नाही," ते म्हणाले. शिक्का मारलेल्या कागदाची प्रत काढून त्यांनी स्वतःच त्यावर काट मारली, आणि हे त्यांनी केलं याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मग म्हणाले, "पण हा तर तुझ्या कारखान्यातल्या पुडीतला. हा रक्तात कशाला येईल?"

तिला फॉर्मवरची रेघ आठवली. आपल्याच हाताची, सुबक, छोटी.

वर जाताना ती जिन्यात थांबली. जंतूचं नाव फोनवरही सांगता आलं असतं. पुडीचा विषयच काढायची गरज नव्हती. सासूबाईंच्या पिशवीत पुड्या असल्याच, तर गुपचूप काढून घेता आल्या असत्या, आणि आपल्या हातून काय झालं हे त्या बाईला जन्मात कळलं नसतं. शिवाय हा जंतू सगळ्यांच्याच पोटात थोडाफार असतो. घड्याळजींचा स्वतःचाच असेल, कोणी सांगावं. पण नुसतं नाव ऐकून डॉक्टरही शिक्केरावांसारखंच म्हणाल्या असत्या, की हा कुठे कोणाला काही करतो, उद्या पुन्हा रक्त पाठवून बघू. घड्याळजींकडे असे ‘उद्या’ फार शिल्लक नव्हते. ती उरलेल्या पायऱ्या भरभर चढली.

सासूबाई दोन दरवाजांमधल्या मोरीवर हात धूत होत्या. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, वॉर्डात सांगितलं होतं अगदी तसं.

"आई, बाबांना पुडी देता का तुम्ही?"

"देते की," सासूबाई म्हणाल्या. हात पुसून त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं आणि उघडून दाखवलं. आत चष्मा नव्हता. पुड्या होत्या, एकावर एक, कडा जुळवून. "एक दिवस चुकला नाही. इथे दमट असतं, म्हणून ह्यात ठेवते. ताप आल्यापासून दोन करते. एवढी इंजेक्शनं चालू आहेत, पोटाचं काय होईल? इंजेक्शन झालं की दोन तास मोजून देते, ह्यांच्याच घड्याळावर. पाणी कोमट." त्या सांगत होत्या आणि त्यांच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

सगळे नियम पाळले होते. वहीत लिहिलेला एकही सोडला नव्हता. 

"आई, बाबांच्या रक्तात तोच जंतू सापडलाय."

सासूबाईंना आधी कळलं नाही. मग तिने सावकाश सांगितलं. अंगात राखण असते तेव्हा तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो. बाबांच्या अंगात सध्या राखण नाही. औषधांनी तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटलंय, तिथून तो आत शिरू शकतो. किंवा पुडी फोडताना बोटांना लागलेली भुकटी नळीजवळ गेली, तरी शिरू शकतो. कुठून शिरला ते आता कोणालाच सांगता येणार नाही. निरोगी माणसाला तो काही करत नाही. पण अशा माणसाला तो द्यायचा नसतो.

सासूबाईंनी चष्म्याचं घर मिटलं. टक असा आवाज झाला. "मी दिलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने."

"तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

तेवढ्यात वॉर्डाच्या डॉक्टर आल्या. शिक्केरावांचा फोन त्यांना पोचला होता. पन्नाशीच्या, शांत बाई. चालतानाही घाई नाही. त्यांनी सरळ विचारलं, "ह्यांना बाहेरचं काही चालू होतं का? प्रोबायोटिक वगैरे?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी जंतूबाई बोलली. "होतं. रोज एक पुडी, सोमवारपासून दोन. मीच आठ वर्षांपूर्वी घरात आणली, कोणालाही चालते म्हणून सांगितलं. भरतीचा फॉर्मही मी भरला. त्यात मी रेघ मारली."

डॉक्टरांनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही तर खाली जंतूच बघता."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच मला ते औषध वाटलं नाही."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पुडी मागून घेतली, पाठीमागचं छापलेलं वाचलं, नर्सला बोलावून इंजेक्शन बदलायला सांगितलं. व्हॅन्कोमायसिन बंद, पेनिसिलिनच्या घरातलं जुनं सुरू. गळ्याखालची नळी आजच काढायची. मग म्हणाल्या, "आम्हीही फक्त औषधं विचारतो. पुड्या, भुकट्या, काढे असं नाव घेऊन विचारत नाही. ते बदलायला हवं." त्यांनी फॉर्म पुढे केला. जंतूबाईने आपली रेघ खोडली आणि शेजारी पुडीचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं नाही.

डॉक्टर आत गेल्यावर सासूबाई नळाकडे बघत म्हणाल्या, "कसं द्यायचं ते तू सगळं सांगितलंस. कधी थांबायचं, ते नाही सांगितलंस."

त्यात राग नव्हता. मापात अर्धं बोट कमी पडलंय हे सांगावं, तसं त्या सांगत होत्या. पण ते शब्द जंतूबाईच्या जिव्हारी लागले, कारण त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस सासूबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. डबा घेत, रिकामा परत देत, मान हलवत. घरी गेल्यावर जंतूबाईने फडताळातलं पुड्यांचं खोकं हातात घेतलं, आणि फेकायचं की ठेवायचं ते न कळून परत ठेवलं.

ताप एकदम उतरला नाही. शुक्रवारी दुपारी थोडा कमी, संध्याकाळी पुन्हा वर. शनिवारी सकाळी पहिल्यांदा आकडा खाली आला आणि खालीच राहिला. पांढऱ्या पेशींचा अहवाल आला, त्यात शून्याच्या जागी काहीतरी होतं; थोडंसंच, पण होतं. रविवारी नव्याने घेतलेल्या बाटल्यांचे दिवे लागले नाहीत. शिक्केरावांनी तिला ते दुरून, हातानेच नाही-नाही करून सांगितलं. शिक्का त्यांनी खणात ठेवला होता. तो किती दिवस खणात राहील, देव जाणे.

दुपारी ती वर गेली, तेव्हा घड्याळजी उशीला टेकून बसले होते आणि घड्याळाचा पट्टा मनगटावर दोन भोकं आत घेत होते.

"तुझी गरीब पोरं माझ्या रक्तात हिंडून आली म्हणे," ते म्हणाले.

"हो, बाबा." पुढचे शब्द तिने जिन्यात जुळवले होते, ते सापडेनात. "चुकलं माझं."

"मोजलीस का?"

"काय?"

"किती होती ते. उगीच पळू देऊ नकोस म्हटलं." आणि मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, बराच वेळ, पंपाकडे बघत. "पंप बदलला त्यांनी. हा बरोबर चालतोय."

सोमवारी चहाच्या वेळेला प्रयोगशाळेच्या खिडकीशी सासूबाई उभ्या होत्या. नमुने घ्यायची ती छोटी खिडकी. त्यामागून एवढं ओळखीचं तोंड कधी दिसत नसे. त्यांच्या एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, दुसऱ्या हातात मापांची वही. वही त्यांनी उघडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. आठ वर्षांपूर्वीचं पान. कोमट पाणी, दोन तास, कोरडी जागा. आणि सगळ्यात खाली, गिरवून गिरवून लिहिलेलं: औषध नाही. कोणालाही चालते. काही होत नाही.

"हे वाक्य तुझं," सासूबाई म्हणाल्या. "मला खोडता आलं असतं. पण माझ्या वर्गात जिची टीप, तिनेच उसवायची." आणि पेन्सिल पुढे केली.

जंतूबाईने वाक्य खोडलं. खाली लिहिलं: धडधाकट माणसाला चालते. आजारी माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अंगात राखण नसेल, नळी असेल, तर मुळीच नाही. सासूबाईंनी वही फिरवून वाचली, ओठ हलवत, एकेक शब्द. "आता मापात आहे," म्हणाल्या. "घरातलं खोकं फेकू नकोस. माझं पोट अजून माझंच आहे."

मग त्यांनी कोरं पान काढलं आणि चिठ्ठी त्यावर ठेवली. "ही नवी गोळी. घरी सोडल्यावर रोज द्यायची म्हणतात. कशी द्यायची ते मला कळलं. कधी थांबायचं, ते आधी सांग. पहिल्या ओळीत लिही."

जंतूबाईने चिठ्ठी दोनदा वाचली. कसली गोळी आहे ते तिला माहीत होतं, कशासाठी तेही. थांबायचं कधी, ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायला क्षणही लागला नसता, आणि सासूबाईंनी तेही गिरवून लिहून घेतलं असतं.

"मला माहीत नाही, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आठ वर्षांपूर्वी, पोट ताळ्यावर आलं त्या दिवशी पाहिलं होतं, तसं. "मग चल," त्या म्हणाल्या, "विचारून येऊ."

तिने हातमोजे काढून टाकले, हात धुतले आणि बाहेर आली. वहीतल्या पहिल्या ओळीवर तिने रेघ मारली नव्हती. ती कोरीच ठेवली होती.